तीनचा पहारा

आज आषाढी. चंद्रभागेच्या वाळवंटात पाऊल टाकायला जागा नसेल. इकडे तारापूर एमआयडीसीत मात्र पहिली पाळी रोजच्यासारखी लागली. रिअ‍ॅक्टरला एकादशी कळत नाही. बोईसरच्या चाळींत, सोसायट्यांत खानदेशातून, मराठवाड्यातून, कोकणातून आलेली माळकरी घरे आहेत. संध्याकाळी हरिपाठाला टाळ वाजतील तेव्हा त्यांतले काही दुसऱ्या पाळीत असतील. कुणाची आई गुडघ्यांपायी चौथ्या मजल्यावर अडकलेली, कुणाचा मुलगा न्यू जर्सीत. त्यांच्यासाठी म्हणून मोबाइल खांबाला टेकवला जातो. त्यात दिसतो बहुधा पंखा आणि बुवांची पाठ. देणगीचा क्यूआर कोड तेवढा स्वच्छ दिसतो.

२०२० मध्ये, टाळेबंदीत, आषाढी १ जुलैला होती. माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, वारकरी घरी राहिले. त्या वर्षी सगळेच दूर होते, म्हणून कुणीच दूर नव्हते. १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळे उघडली. ज्यांना जाता आले ते आत गेले, उरलेले प्रेक्षक झाले. आमची तक्रार आहे ती या ‘प्रेक्षक’ शब्दाबद्दल. टाळकऱ्यांच्या रांगेत उभा राहिलेला नवखाही दुसऱ्या कडव्याला टाळी धरतो. नुसते बघत बसायला तिथे जागाच नसते.

दूर असणे या संप्रदायाला नवे नाही. गाभाऱ्यापर्यंत पोचता आले नाही तर नामदेव पायरीला हात लावावा, तेही जमले नाही तर कळसाला हात जोडावेत, वारी घडलीच. अरणच्या सावतोबांनी तर मळाच सोडला नाही. त्यांची पालखी पंढरीला जात नाही, विठ्ठलाचीच पालखी अरणला येते. चोखोबांचे दूर असणे मात्र निराळे. त्यांना बाहेर ठेवले होते, आणि ते दार उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. एक दूर राहिलेला, दुसरा दूर ठेवलेला. मोबाइल लावून त्याच्याकडे दोन तास पाठ फिरवणारे भजनी मंडळ पलीकडच्याला नकळत दुसऱ्या प्रकारात ढकलते.

अडचणी खऱ्या आहेत. इंटरनेटवरून आवाज क्षणभर उशिरा येतो आणि टाळ चुकायला तो क्षण पुरतो. तेव्हा सगळ्यांनी एकदम गजर करण्याचा हट्ट सोडावा. दूरच्याने चरण म्हणावा, इथल्यांनी तो झेलावा; कीर्तनात बुवा आणि टाळकरी दुसरे काय करतात? सातपाटीचे गणित आणखी वेगळे. आषाढीला मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर, माणसे घरी. कार्तिकीला बोट खोल दर्यात, जिथे टॉवर पोचत नाही. त्या खलाशाचा अभंग निघण्याआधीच रेकॉर्ड करून ठेवावा आणि त्याच्या पाळीला लावावा. काही गोष्टी मात्र पडद्यातून जात नाहीत, हे मान्य करावे. वसईच्या ख्रिस्ती घरांनी टाळेबंदीत पडद्यावर मिस्सा पाहिली, पण ख्रिस्तप्रसाद पडद्यातून हातावर येत नाही. एकमेकांच्या पाया पडणेही तसेच. प्रसादाचा द्रोण मात्र चौथ्या मजल्यावर जाऊ शकतो. त्याला फक्त जिना लागतो.

राहता राहिला सप्ताह. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, म्हणून पहाऱ्याची यादी भिंतीवर लागते. पाळ्यांवर जगणाऱ्या बोईसरला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. पहाटे तीनच्या पहाऱ्याला माणूस मिळवताना काय होते, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. या दिवसांत इथे पहाटेचे तीन वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. तिथला मुलगा कामावरून सुटलेला असतो. वीणा इथल्याच कुणाच्या तरी गळ्यात राहील, नाम तिकडून येईल. श्रावणातल्या सप्ताहाच्या याद्या अजून व्हायच्या आहेत. तीनच्या रकान्यात एकदा त्याचे नाव घालून पाहा.