कसब्याचा कौल आणि प्रतिनिधित्वाचे ऋण

एखाद्या मतदारसंघाला ‘बालेकिल्ला’ म्हणण्याची सवय जडली की कार्यकर्त्याच्या मनात नकळत एक सुस्ती शिरते. किल्ला म्हटला की बुरूज आणि तट आलेच, ते आपोआप रक्षण करतील असे वाटू लागते. लोकशाहीत मात्र तट नसतो, असतो तो केवळ मतदार. पुण्याच्या कसबा पेठ मतदारसंघाचा इतिहास याची साक्ष देतो.

कसबा हे पुण्याचे मूळ गावठाण. ग्रामदैवत कसबा गणपती, शिवरायांच्या बालपणाशी जोडलेला लाल महाल, १७३० मध्ये पहिल्या बाजीरावांनी पाया घातलेला शनिवारवाडा आणि लोकमान्यांचा केसरीवाडा, ही सारी स्मृतिस्थाने चालत फिरता येईल एवढ्या परिसरात आहेत. राष्ट्रजागृतीच्या अनेक प्रवाहांचा उगम येथील वाड्यांतून झाला. अशा भागाचे विधानसभेतील प्रतिनिधित्व हा म्हणूनच केवळ एका जागेचा हिशेब राहत नाही.

जुन्या पुण्यात राष्ट्रीय विचाराच्या प्रतिनिधित्वाचा आदर्श घालून दिला तो रामभाऊ म्हाळगी यांनी. १९५७ मध्ये मावळातून विधानसभेत गेलेले रामभाऊ १९६७ आणि १९७२ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठ मतदारसंघातून निवडून आले. आमदाराने वर्षभरात काय केले याचा लेखी अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. निवडून येणे हा अधिकार नसून ते ऋण आहे आणि ऋणाचा हिशेब द्यावा लागतो, ही त्यामागील धारणा. शुक्रवार पेठ हा मतदारसंघ आज यादीत नाही, पण तो प्रघात मात्र आजही अनुकरणीय आहे.

कसब्याने भारतीय जनता पक्षाला दीर्घकाळ साथ दिली, हे खरे. तथापि ती साथ कधीच बिनशर्त नव्हती. अण्णा जोशी १९९१ मध्ये लोकसभेवर गेले आणि रिक्त जागेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे वसंत थोरात विजयी झाले. पराभूत उमेदवार होते गिरीश बापट. याच बापटांनी १९९५ ते २०१४ या काळात सलग पाच वेळा ही जागा जिंकली. पराभवानंतर ते घराघरांत पोहोचले, पक्षाच्या चौकटीबाहेरील माणसे त्यांनी जोडली. त्यांच्या यशाचे रहस्य शोधायचे तर ते या लोकसंग्रहात सापडते.

२०१९ मध्ये मुक्ता टिळक निवडून आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि फेब्रुवारी २०२३ च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी हेमंत रासने यांचा जवळजवळ अकरा हजार मतांनी पराभव केला. अठ्ठावीस वर्षांची परंपरा खंडित झाली. प्राणवायूची नळी लावून, चाकांच्या खुर्चीतून कार्यकर्त्यांच्या मेळाव्याला आलेले बापट अनेकांना आजही आठवतात. मार्चअखेरीस त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

त्या पराभवाची कारणमीमांसा करताना उमेदवाराच्या जातीची चर्चा सर्वाधिक झाली. ही मीमांसा सोयीची असली तरी अपुरी आहे. हिंदू समाजाला जातींच्या खणांत मोजणारी दृष्टी विरोधकांची म्हणून तिच्यावर टीका करायची आणि स्वतःच्या पराभवाचे स्पष्टीकरण मात्र तिच्याच आधारे द्यायचे, यात विसंगती आहे. कसब्यात पूर्वेकडील पेठांतील कष्टकरी, व्यापारी, बारा बलुतेदारांचे वंशज असा संपूर्ण समाज नांदतो. २००८ च्या पुनर्रचनेत भवानी पेठ मतदारसंघ लोप पावला. मतदारसंघाचे रूप असे बदलले, पण अनेक कार्यकर्त्यांच्या मनातील नकाशा मात्र सदाशिव–नारायण पेठांपुरताच राहिला.

दुसरे कारण अधिक खोल आहे. पेठांतील वाडे जीर्ण झाले आहेत. भाडे नाममात्र, म्हणून मालक दुरुस्ती करीत नाही. हक्क जाईल या भीतीने भाडेकरू घर सोडत नाही. शनिवारवाड्याभोवती संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला २०१० च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वारशाचे रक्षण झालेच पाहिजे. पण त्या वारशाच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर पडके छप्पर असेल, तर वारसा कोणासाठी जपायचा? सुस्थितीतील कुटुंबे कोथरूडकडे व त्याही पलीकडे गेली. मागे राहिला तो वृद्ध आणि अल्प उत्पन्नाचा पुणेकर. त्याचा प्रश्न जो विचारील, त्याच्याकडे त्याचे मत वळणार.

२०२४ मध्ये रासने यांनी धंगेकरांचा सुमारे एकोणीस हजारांनी पराभव करून जागा परत मिळविली. २०२५ मध्ये धंगेकरांनी काँग्रेसही सोडली. पक्ष आणि व्यक्ती बदलतात, प्रश्न मात्र वाड्याच्या ओसरीवर तसेच बसून असतात. विजयाने प्रश्न सुटला असे मानणे म्हणजे २०२३ चा धडा वाया घालविणे होय.

यापुढचा धोका मोठा आहे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली. पुनर्रचनेचा निकष लोकसंख्या हा आहे, आणि उपनगरे फुगत असताना जुने शहर रिते होत आहे. मावळत्या वस्तीचा मतदारसंघ शेजारच्या वस्तीत विरघळतो. शुक्रवार पेठ गेली, भवानी पेठ गेली; उद्या कसब्याचे नावही केवळ इतिहासात उरू नये असे वाटत असेल, तर पेठांत माणसे टिकली पाहिजेत. त्यासाठी वाड्यांचा पुनर्विकास आणि भाडेकरूंचे संरक्षण यांविषयी ठोस, कालबद्ध आग्रह विधानसभेत धरला गेला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी निवडणुकीची वाट न पाहता प्रत्येक वाड्याची नोंद करावी, आणि लोकप्रतिनिधीने रामभाऊंप्रमाणे दरवर्षी तिचा लेखी हिशेब मतदारांपुढे ठेवावा. ग्रामदैवताच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाला मंदिराभोवती नांदते गाव दिसावे, एवढीच कसब्याची अपेक्षा आहे.