अंगठा द्यायच्या आधी ग्रेट निकोबार बघा



चांदोलीच्या अभयारण्यासाठी आपल्या भागातली गावं उठवली, तेव्हा सांगितलं काय? वन्यप्राण्यांना निवांत जागा पाहिजे, माणसं हलली पाहिजेत. बरं. आता बंगालच्या उपसागरातल्या ग्रेट निकोबार बेटावर काय चाललंय ते ऐका.

बेट ९१० चौरस किलोमीटरचं, दाट जंगलाचं. जंगलात शोंपेन राहतात, २०११ च्या शिरगणतीत फक्त २२९. किनाऱ्याला निकोबारी. १९६९ पासून सरकारनं माजी सैनिकांची कुटुंबं तिथं वसवली, त्यांत आपली मराठी माणसंही आहेत. गॅलेथिया खाडीच्या वाळूत लेदरबॅक हे अवाढव्य कासव अंडी घालतं. मेगापोड पक्षी माती-पाल्याचा ढीग रचून अंडी त्यात पुरतो, ढिगाच्या उबेनंच पिल्लं निघतात.

त्या खाडीला अभयारण्य होतं. जानेवारी २०२१ मध्ये ते उठवलं. कशासाठी? बंदरासाठी. बंदर, विमानतळ, वीजघर, नवं शहर मिळून १३० चौरस किलोमीटर जंगल जाणार. त्याच्या बदल्यात झाडं लावायची ठरवली हरियाणात! तिथं कासव जाणार आहे काय?

म्हणजे इथं प्राण्यांसाठी माणूस हलवला, तिथं बंदरासाठी प्राण्यांचीच जागा काढली. सोयीप्रमाणं कारण बदलतं. जमीन मात्र दोन्हीकडं आपलीच जाते.

आता अंगठ्याची गोष्ट. २००४ च्या सुनामीत निकोबारींची गावं वाहून गेली. त्यांना दुसरीकडं ठेवलं. आम्हाला आमच्या गावी जाऊ द्या, असं ते तेव्हापासून म्हणताहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या आदिवासी परिषदेनं प्रकल्पाला ना-हरकत दाखला दिला आणि नोव्हेंबरात परत घेतला. आमच्या जुन्या गावांची जमीन यात जाते हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. शोंपेन तर बाहेरच्यांपासून लांबच राहतात. त्यांना कुणी विचारायचं?

कुणी म्हणेल, देशाच्या संरक्षणाला बंदर लागतं. लागत असेल. पण देश म्हणजे शोंपेनही आणि आपणही. विचारल्याबिगर घेतलेल्या जमिनीला देशसेवा म्हणू नये.

म्हणून सांगणं एवढंच. साहेब कागद घेऊन आला तर घाई करू नका. ग्रामसभेत तो मोठ्यानं वाचून घ्या. नकाशा मागा, गट नंबर बघा. उठलेल्या गावाची जुनी जमीनही त्यात आहे का ते तपासा. ठराव झाल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही. एकदा दिलेला दाखला परत घेणं किती अवघड, ते निकोबारींना विचारा.

जिंदाबाद!