मिझुलाचे महापूर: एक की अनेक?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेसाल्टच्या पठारावर हिमयुगातील पुरांनी कोरलेल्या रुंद, कोरड्या घळी आहेत. त्यांतला ‘ड्राय फॉल्स’ हा सुमारे १२० मीटर उंचीचा कडा म्हणजे आटलेला धबधबाच. हे सारे एका प्रचंड पुराचे काम आहे, असे जे हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ पासून मांडले. १९२७ च्या सभेत ज्येष्ठ भूशास्त्रज्ञांनी त्यांना धारेवर धरले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता; एवढे पाणी आले कुठून, याचे पटणारे उत्तर ब्रेट्झ यांच्यापाशी नव्हते.

ते उत्तर पूर्वेला, मोंटानात होते. कॉर्डिलेरन हिमचादरीच्या एका फाट्याने क्लार्क फोर्क नदी अडवली आणि मागे मिझुला सरोवर साचले. बांधापाशी त्याची खोली सुमारे ६०० मीटर आणि साठा २,००० घन किलोमीटरहून अधिक होता, म्हणजे भरलेल्या कोयना जलाशयाच्या जवळजवळ सातशे पट. जोसेफ पार्डी यांनी हे सरोवर १९१० मध्येच वर्णिले होते. ते झपाट्याने रिते झाल्याची खूण म्हणजे कॅमस प्रेअरीतील गोट्यांच्या अवाढव्य लहरी. त्यांवरचा लेख मात्र १९४२ मध्ये आला.

कारण सापडले, तरी पूर किती वेळा आले हा प्रश्न उरला. त्याचा निकाल भव्य भूरूपांनी नव्हे, संथ पाण्यातल्या गाळाने लावला. वॉला वॉलाजवळच्या बर्लिंगेम घळीत खाली भरड आणि वर बारीक होत जाणारे सुमारे ४० थर एकावर एक आहेत. रिचर्ड वेट यांनी १९८० च्या दशकात प्रत्येक थर स्वतंत्र पुराचा मानला. दोन थरांमध्ये माउंट सेंट हेलेन्सची राख पसरलेली आहे. म्हणजे मधल्या काळात तिथली जमीन उघडी पडली होती. ब्रायन ॲटवॉटर यांनी सॅनपोइल खोऱ्यात पुरांच्या थरांमधले वार्षिक पंकथर मोजले. तिथे ८९ पुरांची नोंद मिळाली आणि शेवटाकडे दोन पुरांमधली वर्षे कमी होत गेलेली दिसली.

हे असेच व्हायला हवे होते. पाण्याची खोली बर्फाच्या जाडीच्या सुमारे नऊ दशांश झाली की हिमबांध तरंगू लागतो आणि तळातून वाट फुटते. सरोवर रिते झाले की बर्फ पुन्हा पुढे सरकून नदी अडवतो. हवामान उबदार होऊन बर्फ पातळ झाला, की कमी पाण्यातच बांध सुटतो. पूर लहान होतात आणि लवकर येतात. ही मालिका ढोबळमानाने २० ते १४ हजार वर्षांपूर्वीची. त्याच काळातला बॉनव्हिल सरोवराचा पूर निराळा. रेड रॉक खिंडीतला गाळाचा अडसर सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी एकदाच वाहून गेला. तो पुन्हा उभा राहणे शक्य नव्हते.

हिमालयात काम करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. २०२३ मध्ये सिक्कीममधील साउथ ल्होनाक सरोवराचा फुटलेला बांध हिमोढाचा होता. मिझुलाचे गणित तिथे लावू नये. काराकोरममध्ये मात्र ते लागू पडते. चोंग कुमदान हिमनदीने श्योक नदी वारंवार अडवली आणि १९२६ व १९२९ मध्ये तिथून मोठे पूर आले. अशा ठिकाणी पाण्याच्या पातळीइतकीच बर्फाची जाडीही मोजली पाहिजे.