कुत्रा पाळणारे आणि कुत्रा टाकणारे

वांद्र्यात कुत्र्यावरून वाद होतो तो बहुधा शेजाऱ्या-शेजाऱ्यांत. एकाला भुंकणे सोसवत नाही, दुसऱ्याला लिफ्टमधला वास. मग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडला जातो आणि वर्षानुवर्षे एकमेकांच्या घरी नाताळच्या नेवऱ्या पाठविणारी कुटुंबे मिस्साला एका बाकावर बसेनाशी होतात. या भांडणात पुष्कळ वाफ दवडली जाते. मात्र ज्या गोष्टीचा धर्मग्रामात उघड निषेध व्हायला हवा, तिच्याविषयी कोणी तोंड उघडत नाही. हौसेने विकत आणलेला कुत्रा नकोसा होताच सोडून देण्याची जी रीत आपल्या सुशिक्षित, श्रद्धावंत घरांत शिरली आहे, तिच्याविषयी मी लिहितो आहे.

सोसायटीचा प्रश्न चार ओळींत मिटण्यासारखा आहे. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या सूचनांप्रमाणे, बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला सभासदास वा भाडेकरूस कुत्रा पाळण्याची बंदी करता येत नाही. जातीवरून वा आकारावरून भेद करता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही. हे वाचून ज्यांना आनंद झाला असेल त्यांनी पुढचेही वाचावे. पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना लागतो. रेबीजची लस वेळच्या वेळी टोचावी लागते. आपल्या ताब्यातील जनावरापासून कोणाला इजा होऊ नये याची खबरदारी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पंचवीस हजारांचे पिल्लू कौतुकाने दाखविणाऱ्या गृहस्थाला एकदा परवाना दाखवा म्हणून पाहावे!

पूर्वी चिंबई, रानवार, शेर्लीच्या घरांतही कुत्री होतीच. जात गावठी, नाव टायगर, मुक्काम ओटीवर, आणि खाणे म्हणजे उरलेला भात व मासळीचे कालवण. त्याला कोणी विकत आणलेले नसे. त्याच्या जिवाचे फार लाड होत नसत, हेही खरे. लस वगैरे क्वचितच. तरीपण म्हातारा झाला, डोळ्यांनी अधू झाला म्हणून त्याला कोणी नेऊन टाकीत नसे. तो त्याच ओटीवर मरे आणि वाडीतल्या एखाद्या झाडाखाली पुरला जाई. ती वाडी गेली, तेथे मजले उभे राहिले, आणि आता सातव्या मजल्यावर सैबेरियातल्या बर्फात गाडी ओढण्यासाठी वाढविलेला हस्की मे महिन्यात वातानुकूलित खोलीत धापा टाकतो आहे. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा मुलाच्या मागे धावला आणि गावोगावी पग हवासा झाला. त्या चपट्या नाकाने त्याला आमच्या दमट हवेत धड श्वासही घेता येत नाही, याची चौकशी खरेदीआधी कितीजणांनी केली? २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते व आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पण घेणाराच विचारीत नाही, तर विकणारा कशाला सांगेल?

खर्चाविषयीही बोलले पाहिजे. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने या बाबतीत दोन्ही बाजूंनी कान उघडले आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, आणि माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा आधी जायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही अनुचित आहे. कार्टर रोडवर सकाळी दोन हातांत चार कुत्री धरून फिरविणारे तरुण दिसतात. त्या कुत्र्यांना शाम्पू, वाढदिवसाचा केक. त्या तरुणाला पगारी रजा आहे का, कुत्रा चावला तर लशीचा खर्च कोण देतो, हे घरमालकिणीने एकदा स्वतःलाच विचारावे.

पोप फ्रान्सिस ५ जानेवारी २०२२ रोजी म्हणाले की, मुले नको म्हणणारी जोडपी कुत्री-मांजरे पाळतात, हे स्वार्थाचे रूप आहे. त्यावर आपल्याकडेही पुष्कळांनी नाके मुरडली. कुत्रा आम्हाला बाळासारखाच, असे त्यांचे म्हणणे. बरे, बाळासारखाच धरू. मग कॅनडाचा व्हिसा हातात पडल्यावर त्या बाळाचे काय होते? इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घरात जागा नसली की काय होते? २०२० च्या टाळेबंदीत करमणुकीसाठी आणलेली पिल्ले कचेऱ्या उघडल्यावर कोठे गेली? एखाद्या रात्री मोटारीतून उतरविलेला लॅब्राडोर रस्त्याच्या कडेला त्याच मोटारीची वाट पाहत बसतो. त्याला उकिरड्यावर अन्न शोधता येत नाही, वाहने चुकविता येत नाहीत, आणि त्या गल्लीची कुत्री त्याला टिकू देत नाहीत. टिकलाच, तर तो भटक्यांत भर घालतो. आणि मग भटक्या कुत्र्यांचा उपद्रव फार झाला म्हणून आम्हीच तक्रार करतो. २०२५ साली भटक्या कुत्र्यांवरून सर्वोच्च न्यायालयात एवढे रण माजले, पण टाकून देणाऱ्या मालकाचे नाव त्या गदारोळात फारसे ऐकू आले नाही.

जनावर उपाशी मरेल अशा स्थितीत टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! साठ साली या रकमेला काही वजन होते. आज तीत हिल रोडवर धड नाश्ताही होत नाही. संसदेने हा आकडा कधीच बदलायला हवा होता. याच मुंबईत १८३२ च्या जून महिन्यात सरकारने भटकी कुत्री मारायला माणसे लावली, तेव्हा पारशी समाजाने बाजार बंद पाडले, दंगा झाला. ती कुत्री त्यांच्या मालकीचीही नव्हती.

तोबिताचा ग्रंथ प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये नाही, आपल्या बायबलमध्ये आहे. तरुण तोबिया देवदूत राफाएलाबरोबर परदेशी निघतो तेव्हा त्याचा कुत्रा सोबत जातो, आणि काम फत्ते करून, लग्न करून तो परततो तेव्हाही कुत्रा मागोमाग येतो. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांना ही कथा धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितली गेली असेलच. घरचा कुत्रा कॅनडाला नेणे आज फारसे अवघड नाही. रेबीज लसीचा दाखला ही त्यातली मुख्य अट. ऑस्ट्रेलियाला भारतातून तो थेट नेता येत नाही, आधी मान्यताप्राप्त देशात ठेवावा लागतो. खर्च मोठा आहे. ज्याला तो झेपत नाही त्याने निघण्यापूर्वी सहा महिने घर शोधावे, निघण्याच्या आदल्या रात्री नव्हे.

चार ऑक्टोबरला, असिसीकर संत फ्रान्सिसच्या सणाला, अनेक धर्मग्रामांत पाळीव प्राण्यांना आशीर्वाद दिला जातो. त्या दिवशी धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडण्याआधी परवाना व लसीचा कागद मागावा. आणि चर्चच्या सूचनाफलकावर भाड्याच्या खोल्यांच्या व व्हिसा-सल्लागारांच्या जाहिरातींशेजारी एक रकाना ठेवावा: कोणाच्या कुत्र्याला घर हवे आहे, आणि कोण देऊ शकतो. पहिली चिठ्ठी लावायला मी तयार आहे. आमच्या ओटीवर एका म्हाताऱ्या कुत्र्यापुरती जागा आहे.