करमत नाही

गेल्या भाऊबीजेला पेणहून रोह्याला मावशीकडे गेलो, तो फराळाच्या आधी मोबाइलच पुढे आला. टेक्ससमधल्या नातीचा निरोप होता, "आजी, आय मिस यू." पोर तिकडेच जन्मलेली, मराठी समजते, लिहिता-वाचता येत नाही.

"तू मराठीचा प्राध्यापक ना? सांग, काय म्हणते ती?"

"तुझी आठवण येते म्हणते."

मावशीचा चेहरा उतरला. "आठवण? ती विसरलेल्याची येते रे!"

वर्गात हे उत्तर मी खुशाल खपवले असते. इथे पंचाईत झाली. इंग्रजीला रोह्याची गाडी निसटली तरी तेच क्रियापद, माणूस जवळ नसले तरी तेच. आपली गाडी 'चुकते', आणि माणसावाचून 'चुकल्याचुकल्यासारखे' होते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. पण अशा वेळी कोशापेक्षा आजीला विचारलेले बरे.

नात शाळेत स्पॅनिश शिकते. मागे तिनेच मला सांगितले होते, की याच वाक्याला स्पेनमध्ये 'ते एचो दे मेनोस' म्हणतात, तर मेक्सिकोकडे 'ते एक्स्त्रान्यो'. पहिल्यात 'कमी' हा शब्द दडलेला, दुसऱ्याचे मूळ 'परका' या अर्थाच्या शब्दात. टेक्सस मेक्सिकोला लागून, म्हणून तिच्या तोंडी दुसरे. मी पांडित्य दाखवायला हे मावशीला सांगितले मात्र, ती उसळलीच.

"आजी परकी कशी होईल?"

"आजी नव्हे ग, तुझ्यावाचून सारे परके वाटते, असे समज."

"मग सरळ म्हण ना, करमत नाही म्हणून!"

वीस वर्षे मराठी शिकवतो आहे, पण हा शब्द मला सुचला नव्हता. मालवणकडे 'गमना नाय', नागपूरकडे 'गमत नाही', आणि आमच्याकडे हे. इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये 'मी' काहीतरी करतो. आपल्याकडे 'मला' करमत नाही. त्यात करण्यासारखे काही नसतेच. मावशीला तर गेली चार वर्षे करमत नव्हते. नात तेव्हापासून आलेली नाही.

"लिही," मावशी म्हणाली, "मलाही करमत नाही. मे महिन्यात ये. आता याचे इंग्रजी कर."

मी केले नाही. मराठीतच पाठवले. नातीने आईकडून वाचून घेतले असावे. रात्री नऊला फोन वाजला, आणि मावशी तासभर उठली नाही. माझा चहा चुलीवर आटून गेला.