गाळ्यावर कोणाला उभे करावे?

गेल्या दिवाळीपूर्वी पुण्यातील एका प्रदर्शनात घरगुती मेतकुटाच्या गाळ्यापुढे आम्ही थांबलो. आत एक चिरंजीव खुर्चीत बसून मोबाईलमध्ये दंग होते. आमच्या नातवाला गहू सोसत नाहीत, म्हणून "यात गहू आहेत काय?" असे आम्ही विचारले. "पुडीवर लिहिले असेल, पाहा," हे उत्तर मिळाले! शेजारच्या गाळ्यावर मागाहून कळले, की मेतकूट करणाऱ्या काकू घरीच होत्या. पुतण्या मोकळा होता, म्हणून त्याची रवानगी झाली.

मोकळा असणे ही काही पात्रता नव्हे. जिच्या हातचा जिन्नस, ती निदान एक प्रहर तरी गाळ्यावर असलीच पाहिजे. तिच्या जोडीला हिशेबात चोख आणि अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणारा असा एक जण असावा. (तो देखणाच असावा, हा हट्ट कशाला?) दिल्लीचा भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा सहसा १४ नोव्हेंबरपासून चौदा दिवस चालतो, अशा ठिकाणी पाळ्या न लावल्यास तिसऱ्या दिवशीच माणूस थकून मुका होतो.

निघण्यापूर्वी घरातच तालीम घ्यावी. सासूबाईंनी गिऱ्हाईक व्हावे आणि खोदून खोदून विचारावे: घटक कोणते, टिकेल किती दिवस, अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक कोठे छापला आहे, घाऊक भाव काय? उत्तर ठाऊक नसल्यास "विचारून कळवितो" असे सांगून नाव-पत्ता वहीत टिपावा, आणि आठवड्याच्या आत खरोखरच कळवावे. आमचा पत्ता त्या दिवशी कोणी मागितला नाही.