दार खुले, पण कोणाला?

“महाविद्यालयाचे दार सर्वांना खुले आहे, पुढे ज्याची त्याची गुणवत्ता!” हे वाक्य आपण समारंभांतून इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातील अन्याय आता कानाला खुपत नाही.

वडगाव मावळच्या स्थानकावर सकाळी लोकलची वाट पाहणारे विद्यार्थी पाहावेत. एकाचे घर हाकेच्या अंतरावर, शाळा इंग्रजी माध्यमाची, शिकवणी बारमाही. दुसरा आंदर मावळातील वाडीवरून एस.टी.ने आलेला, दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेला. दोघे एकाच बाकावर बसून तेच इंग्रजी पुस्तक उघडतात. पहिला विषय समजून घेतो. दुसऱ्याला आधी भाषेशी झुंजावे लागते. तास संपल्यावर पहिला ग्रंथालयात बसतो. दुसऱ्याला परतीची एस.टी. गाठायची असते. तीन वर्षांनी दोघांच्या गुणांतील अंतर रुंदावते आणि आपण त्याला ‘बुद्धीचा फरक’ म्हणून मोकळे होतो! असमानांना समान वागणूक दिली की विषमता मिटत नाही, तिच्यावर पदवीचे शिक्कामोर्तब होते.

हे दुखणे जुने आहे. उच्च शिक्षणावरील सरकारी खर्चाचा लाभ मूठभर वरिष्ठ वर्गांना मिळतो आणि बहुजन मात्र उपेक्षित राहतात, हे महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे स्पष्टपणे मांडले होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्यावर उपाय करून दाखविला. साताऱ्यात त्यांनी १९२४ साली वसतिगृह उभारले, महाविद्यालय १९४७ साली. आधी राहण्या-जेवण्याची सोय, ‘कमवा आणि शिका’ची संधी, मग पदवी. हा क्रम आपण विसरलो.

कोणी म्हणेल, मागच्या मुलासाठी थांबल्यास पुढचा खोळंबेल. का खोळंबावा? पहिल्या वर्षी मराठीची जोड देऊन शिकवणे, लहान गटांत स्वतंत्र तास घेणे, एस.टी.च्या वेळा पाहून ग्रंथालय उघडे ठेवणे, यांत हुशार विद्यार्थ्याचे काय हिरावले जाते?

आणि आपण पालक? महाविद्यालय निवडताना आपण फलकावरील प्रथम आलेल्यांची छायाचित्रे पाहतो. पहिल्या वर्षी किती जण गळाले, हे विचारीत नाही. प्रथम येणारा बहुधा घरूनच अर्धी वाट चालून आलेला असतो. महाविद्यालयाची खरी परीक्षा शेवटच्या बाकावर होते. यंदा प्रवेश घेताना प्राचार्यांना गळतीचा आकडा अवश्य विचारावा; उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावा.